इतिहास शिकायला विलायतेत?



विलायतेला जाऊन काय शिकणार, या प्रश्नाला डॉक्टरी, बॅरिस्टरी किंवा यंत्रविद्या असे उत्तर आले म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांचे समाधान होते. 'इतिहास' असे उत्तर आले की जेवणाऱ्यांचे हात पानावरच थांबतात. इतिहास आपला, तो शिकायला साहेबाच्या दारी कशाला जायचे? हा आक्षेप खुळचट नाही. महामहोपाध्याय मिराशींनी नागपूर-अमरावतीत अध्यापन करता करताच कलचुरी आणि वाकाटकांचे कोरीव लेख संपादिले. त्यांचे ते ग्रंथ १९५५ व १९६३ साली प्रसिद्ध झाले, आणि जगभरच्या पंडितांना आजही ते उघडावे लागतात. तेव्हा विलायतेला गेल्यावाचून इतिहासकार होता येत नाही, असे कोणी म्हणू नये. कोणत्या प्रश्नासाठी जायचे, एवढेच पाहायचे.

आपल्या नागपूरचेच उदाहरण घेऊ. कोष्टी समाजातील एखादा मुलगा विचारतो, "आमच्या पणजोबांचा माग कशाने मंदावला? आणि मंदावूनही इतकी वर्षे टिकला कसा?" सवाल साधा आहे, उत्तर मात्र चहूकडे विखुरलेले आहे. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले आणि १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केले. उंची वस्त्रे घेणारा दरबार उठला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी माजली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या आणि त्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ साली आगगाडी नागपुरास पोचली. तिने कापूस नेला आणि विलायती कापड आणले. १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथेच सुरू झाली. यांतला कोणता घाव किती खोल गेला, हे ठरवायचे तर नागपूरचे, मुंबईचे आणि दिल्लीचे कागद पाहावे लागतील. तसेच मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांचे आणि लंडनच्या इंडिया ऑफिसचेही. इंडिया ऑफिसचे दप्तर आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्याच्या फळ्या ओळीने मांडल्या तर सुमारे १४ किलोमीटर भरतील! असा प्रश्न घेऊन निघालेला मुलगा साहेबाच्या दारी भीक मागायला जात नाही. आपल्या घरचा हिशेब तपासायला जातो.

आता अर्जाकडे वळू. पदवीच्या वर्गासाठी त्या देशातील बहुतेक विद्यापीठांचे अर्ज 'यूकास' नावाच्या एकाच संस्थेमार्फत जातात. एका अर्जात पाच ठिकाणे मागता येतात. मात्र ऑक्सफर्ड आणि केंब्रिज ही दोन्ही एकाच वर्षी नाहीत. या दोहोंची मुदत १५ ऑक्टोबरला संपते, म्हणजे आपल्याकडे दिवाळीची गडबड असते तेव्हा. इतरांची बहुधा जानेवारीत. गुणपत्रिकेबरोबर गुरुजनांचे शिफारसपत्र लागते आणि स्वतःचे निवेदन लागते. २०२६ च्या प्रवेशापासून या निवेदनाचे तीन प्रश्न झाले आहेत: हा विषय का, आजवरच्या शिक्षणाने तुमची तयारी कशी झाली, आणि शाळेबाहेर तुम्ही काय केले. तिन्ही मिळून मर्यादा ४००० अक्षरांची.

येथेच आपली मुले घसरतात. "मला लहानपणापासून इतिहासाची आवड आहे, शिवाजी महाराज माझे आदर्श आहेत," असे ती लिहितात. भावना उत्तम, पण परीक्षकाला त्यातून काय कळणार? त्याला पाहायचे असते, की या मुलाने एखादे पुस्तक वाचून त्याच्याशी वाद घातला आहे काय. कोष्ट्याच्या मुलाने घरातील जुनी वही पाहिली, चार म्हाताऱ्यांना विचारले आणि त्यांचे म्हणणे पुस्तकाशी का जुळत नाही हे सहा ओळींत लिहिले, तर त्या सहा ओळी शंभर विशेषणांना भारी ठरतील. पीएच.डी.साठी तर प्रबंधाचा आराखडाच मागतात. त्याला मोडी वाचता येत असेल, तर ते भांडवल तेथे फार थोड्यांजवळ असते.

पण भांडवल म्हटले की दुसरे भांडवल आठवते. त्याची कथा नागपूरकरांना परकी नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली बाबासाहेब आंबेडकरांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले. मुंबईत प्राध्यापकी करून, पैसा साठवून, काही शाहू महाराजांकडून आणि काही मित्राकडून उसना घेऊन ते १९२० साली पुन्हा गेले. परीक्षकांच्या आक्षेपांमुळे प्रबंध पुन्हा लिहिणे भाग पडले, तोही त्यांनी लिहिला आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. विषय रुपयाचा, पण १९४७ साली त्याच ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली ती हिंदुस्थानच्या चलनाचा आणि पेढीव्यवहाराचा इतिहास या नावाने!

आणि आता मंडळी, एक कडू गोष्ट. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती आहे. वर्षाला जागा १२५. २०२२ साली तिच्या नियमांत कलम आले, की भारताचा इतिहास, संस्कृती आणि समाज यांवरील विषयांना ती मिळणार नाही. हे विषय देशातच शिकता येतात, असे त्याचे समर्थन झाले. ज्याच्या बापाजवळ पैसा आहे, त्याने लंडनला जाऊन खुशाल नागपूरचा इतिहास लिहावा. कोष्ट्याच्या मुलाने मात्र दुसरा विषय शोधावा, असाच याचा अर्थ होत नाही काय? मग आपला इतिहास लिहील कोण? राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, ऑक्सफर्डसारख्या ठिकाणी फेलिक्स शिष्यवृत्ती आहे. अर्ज करणाऱ्याने प्रत्येकीचे चालू वर्षाचे नियम स्वतः वाचावेत. पण ज्यांना अर्ज करायचा नाही, त्या आपण साऱ्यांनी या कलमाविषयी बोलले पाहिजे.

आपल्या घरात एखादे पोर इतिहासाचे नाव काढील, तेव्हा "पोट कसे भरणार?" हे जरूर विचारा, तो प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या आधी एक विचारा: "बाळ, तुला नेमके काय शोधायचे आहे?" उत्तर आले नाही तर घाई करू नका. आले, तर मग त्याच्या तिकिटाची चिंता आपण सर्वांनी मिळून करू.