वाडवडिलांचें मृत्युपत्र कोठें शोधावें?



गिरगांवांतील एका जुन्या घरांत घडलेली हकीगत प्रथम सांगतों. घराचे मूळ मालक सन १९६२ च्या पावसाळ्यांत वारले. घर त्यांच्या स्वकष्टाचें होतें. त्यांची धाकटी कन्या शिक्षिका होती. ती अविवाहित राहिली आणि निवृत्त होऊन पुष्कळ वर्षें लोटलीं तरी माडीवरच राहत होती. पुढें तिच्या भावाचा मुलगा तें घर पुनर्बांधणीसाठीं बिल्डराच्या स्वाधीन करण्यास निघाला. तो दुष्ट मनुष्य नव्हता. "आत्या, तुला मी उघड्यावर टाकीन का? पण तुझा हक्क आहे असें दाखविणारा कागद कोठें आहे?" इतकेंच त्याचें म्हणणें. बाई सांगत, "दादांनीं मृत्युपत्रांत सबंध माडी मला तहहयात दिली आहे." मृत्युपत्र मात्र घरांत कोठेंच सांपडेना. ट्रंका धुंडाळल्या, देवघराचा कोनाडा पाहिला, दादांच्या जुन्या स्नेह्यांच्या मुलांना विचारून झालें. बाई माझ्याकडे आल्या त्या मृत्युपत्र गहाळ झालें असें धरूनच.

तें गहाळ झालेलें नव्हतें. तें घरांत न सांपडणें हेंच स्वाभाविक होतें. मृत्युपत्र खरें आहे अशी कोर्टानें दिलेली मोहोरबंद ग्वाही म्हणजे प्रोबेट. तें मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाला, म्हणजे एक्झिक्युटरला, मिळतें आणि त्याला मृत्युपत्राची नक्कल जोडलेली असते. मूळ कागद कोर्टाच्या दप्तरांतच राहतो. सन १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याचें २९४ वें कलम याच गोष्टीचें आहे. तेव्हां ज्या मृत्युपत्राचें प्रोबेट झालें, त्याचा शोध ट्रंकेंत घेण्यापेक्षां दप्तरखान्यांत घेणें बरें.

पण कोणत्या दप्तरखान्यांत? मृत मनुष्याचें कायमचें राहण्याचें ठिकाण किंवा त्याची कांहीं मिळकत ज्या जिल्ह्यांत असेल, तेथील जिल्हा न्यायाधीशांपुढें हा अर्ज करतां येतो. म्हणून पुण्यास राहणाऱ्या परंतु मुंबईंत घर असलेल्या गृहस्थाचें प्रकरण दोहोंपैकीं कोठेंही असूं शकतें, आणि दोन्हीं ठिकाणीं पाहावें लागतें. मुंबई शहरापुरतें हें काम हायकोर्टाच्या मूळ शाखेकडे आहे. त्याची परंपरा बरीच जुनी आहे. सन १७२६ च्या सनदेनें स्थापन झालेल्या मेयर कोर्टास प्रोबेट देण्याचा अधिकार होता. त्यामागून रेकॉर्डरचें कोर्ट, सुप्रीम कोर्ट आणि सन १८६२ पासून हायकोर्ट असा तो उतरत आला. सन १९४८ च्या कायद्यानें शहरासाठीं सिटी सिव्हिल कोर्ट निघालें, तरी मृत्युपत्रांचा अधिकार हायकोर्टाकडेच ठेवला गेला. हें ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ लोक सिटी सिव्हिल कोर्टाच्या पायऱ्या विनाकारण झिजवितात. कंपनीच्या अमदानींत येथें वारलेल्या युरोपियनांचीं मृत्युपत्रें ज्यांस पाहावयाचीं असतील, त्यांनीं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींतील इंडिया ऑफिसचें दप्तर विसरूं नये. गोव्याची तऱ्हा निराळी. पोर्तुगीज कायद्याच्या वहिवाटीमुळें तेथें मृत्युपत्र नोटरीच्या पुस्तकांत लिहिलें जाई आणि वांटणी इन्व्हेंटरीच्या प्रकरणांत होई. म्हणून तेथें प्रोबेट शोधीत बसण्यांत अर्थ नाहीं.

मुळांत प्रोबेट घेतलें होतें कीं नाहीं, हा याहून महत्त्वाचा प्रश्न. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांत केलेल्या किंवा तेथील स्थावराविषयींच्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना १ सप्टेंबर १८७० पासूनचा हिंदु मृत्युपत्रांचा कायदा लागू झाला. अशा मृत्युपत्राच्या आधारें कोर्टांत हक्क शाबीत करण्यास प्रोबेट आवश्यक ठरलें, आणि पुढें १९२५ च्या कायद्याच्या २१३ व्या कलमांत ती सक्ती कायम राहिली. सन २०२५ मध्यें संसदेनें तें कलम काढून टाकलें. जुन्या प्रकरणांच्या शोधांत आपणांस या सक्तीचा फायदाच होतो. गिरगांवांतील घराच्या मालकाचें मृत्युपत्र कोर्टापुढें आलें असण्याचा संभव फार मोठा असतो. सातारा, नाशिक, नागपूर येथील मृत्युपत्रांना अशी सक्ती नसल्यानें तीं कोर्टाचें तोंडही न पाहतां अमलांत आलेलीं असतात.

अशा वेळीं दुय्यम निबंधकांच्या, म्हणजे सबरजिस्ट्रारांच्या, कचेरीकडे वळावें. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक असली तरी पुष्कळ लोक ती करीत आले आहेत. सन १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणें नोंदलेलीं मृत्युपत्रें तिसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकांत उतरलेलीं असतात. मृत्युपत्र करणारा जिवंत असेपर्यंत त्याची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्याराला मात्र मिळते. तो वारल्यानंतर मागेल त्याला मिळते. पुस्तकांतील शोध निबंधकच घेतात. आपण मृत्यूचा दाखला दाखवून अर्ज करावा. दोन गोष्टींचा घोटाळा मात्र करूं नये: वारस दाखला, जो आपल्याकडे सन १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठप्रमाणें मिळतो, आणि बँकेंतील रकमा वगैरेंसाठीं मिळणारा उत्तराधिकार दाखला. हीं प्रकरणें निराळीं, त्यांच्या नोंदवह्याही निराळ्या.

आतां बाईंच्या प्रकरणाकडे येतों. आम्हीं पहिली चूक केली ती सालाची. मृत्यू १९६२ चा, म्हणून १९६२ व १९६३ ह्या दोन सालांच्या नोंदी पाहून हात हलवीत परत आलों. व्यवस्थापकानें चालढकल केली असेल, वारसांत कुरबूर झाली असेल, कोणी कॅव्हिएट घालून हरकत घेतली असेल, तर अर्ज कित्येक वर्षांनीं दाखल होतो. आणि हरकत आली म्हणजे अर्जाचा दावा होऊन त्याला नवा क्रमांकही मिळतो. दुसरी अडचण नांवाची. जुन्या नोंदी इंग्रजी वर्णक्रमानें असल्यामुळें आपला एक "व" तेथें "व्ही"खालीं सांपडेल किंवा "डब्ल्यू"खालीं. आडनांव, मृताचें नांव, वडिलांचें नांव, घरांत चालणारें नांव, सर्वांखालीं पाहावें. अलीकडचीं प्रकरणें न्यायालयाच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नांवानें शोधतां येतात. परंतु तेथें एखादें जुनें प्रकरण दिसलें नाहीं म्हणून तें नाहींच, असें समजूं नये. आमचें प्रकरण शेवटीं १९६५ च्या नोंदींत, "डब्ल्यू"खालीं मिळालें.

क्रमांक व साल हातीं आलें म्हणजे अर्धें काम झालें. नकलेच्या अर्जांत मृताचें पूर्ण नांव, मृत्यूची तारीख, प्रकरणाचा क्रमांक व साल, आपलें मृताशीं नातें आणि नक्कल कशासाठीं हवी तें स्पष्ट लिहावें. आपण मूळ प्रकरणांत पक्षकार नसलों तर त्रयस्थ ठरतों, आणि त्रयस्थाला कारण दाखवावें लागतें. सोबत प्रतिज्ञालेख जोडावा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज येथें उपयोगी नाहीं. न्यायालयीन कागदांच्या नकला न्यायालयाच्या नियमांप्रमाणेंच मागाव्या, असा निर्णय सुप्रीम कोर्टानें सन २०२० मध्यें दिला आहे. "इतकें जुनें दप्तर मिळत नाहीं हो," असें एका कचेरींत मला तोंडी सांगण्यांत आलें होतें. मीं अर्ज लेखी दिला व त्यावर लेखी शेरा मागितला. शेरा लिहिण्याची वेळ आली तेव्हां दप्तर मिळालें.

एकट्या मृत्युपत्राची नक्कल मागून थांबूं नये, हें मी आग्रहानें सांगतों. मूळ अर्जांत मृत्यूची तारीख व जिंदगीची अंदाजी किंमत असते. मृत्युपत्र नसतांना लेटर्स ऑफ अॅडमिनिस्ट्रेशन मागितलेलीं असतील तर अर्जांत मृताच्या आप्तांचीं नांवें व त्यांचीं राहण्याचीं ठिकाणेंही द्यावीं लागतात; ज्या घरीं वंशावळ तुटलेली आहे, तेथें हा कागद फार मोलाचा. व्यवस्थापकानें सहा महिन्यांत मिळकतीची यादी व एका वर्षांत हिशेब कोर्टास द्यावयाचा असतो. तो दिला असेल तर घरांतल्या भांड्यांपासून देण्यांपर्यंत सर्व कांहीं तेथें दिसतें. शिवाय मृत्युपत्र मराठींत असेल तर त्याचें इंग्रजी भाषांतर प्रकरणांत असतें. मूळ व भाषांतर दोन्हीं मागावीं. बाईंच्या बाबतींत याच एका गोष्टीनें फरक पडला.

नक्कल आली तेव्हां आत्या व भाचा दोघेही माझ्या टेबलाशीं बसले होते. मृत्युपत्र मोडींत होतें. भाषांतरांत "माडीवरील दोन खोल्या" तहहयात राहण्यास दिल्याचें होतें. सबंध माडी नव्हे. बाईंचा चेहरा उतरला. साठ वर्षें जें मृत्युपत्र त्या मनांत वाचीत आल्या होत्या तें हें नव्हतें. आणि कांहींच हक्क नाहीं असें धरून चाललेल्या भाच्याचेंही तें नव्हतें. बाई शाळेंत असतांना मोडी शिकलेल्या. त्यांनीं मूळ मजकुरावर बोट ठेवून अक्षर अक्षर लावीत वाचलें: रस्त्याकडील दोन खोल्या, लगतचा सज्जा, आणि खालच्या स्वयंपाकघराचा वापर. सज्जा व स्वयंपाकघर भाषांतरकारानें गाळलें होतें.

कायद्याच्या दृष्टीनें एक गोष्ट मला भाच्याला सांगावी लागली. मृत्युपत्र खरें आहे एवढेंच प्रोबेट देणारें कोर्ट ठरवितें. घरावर मालकी कोणाची, याचा निवाडा तें करीत नाहीं. त्यानें वाद घालावयाचा म्हटलें असतें तर वाट मोकळी होती. तो बराच वेळ आजोबांच्या सहीकडे पाहत राहिला. मग बिल्डराच्या कराराचा मसुदा त्यानें पिशवींतून काढला, पेन उघडलें आणि विचारलें, "आत्या, नव्या इमारतींत दोन खोल्या रस्त्याकडच्याच लिहूं ना? आणि सज्जा?"