हिरवळीवरील जकात

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गोल्फच्या एका फेरीला किती पैसे पडतात, हा विषय श्रमिकांच्या चळवळीत वावरणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे मांडला जावा, याचे काहींना नवल वाटेल. धान्याचे भाव, रोजगार, घरभाडे यांची चिंता ज्यांच्या माथी आहे, त्यांना या हिरवळीशी काय कर्तव्य? तो धनिकांचा खेळ. धनिकांनी तो आपल्यासाठी महाग करून घेतला, तर गरिबांचे त्यात काय बिघडले? आक्षेप सरळ आहे, परंतु तो एका गैरसमजावर उभा आहे. गोल्फ हा जन्मतः धनिकांचा खेळ नव्हता. तो तसा करण्यात आला. आणि ज्या रीतीने तो तसा करण्यात आला, ती रीत गायरानापासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत जमिनीचा प्रश्न ज्याने पाहिला आहे, त्याला परकी वाटणार नाही.

प्रथम आकडे पाहावेत. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज या लहानशा नगरातील ‘ओल्ड कोर्स’ हे जगातील सर्वांत विख्यात गोल्फ-मैदान. तेथे भर हंगामात बाहेरच्या पाहुण्याला अठरा होलच्या एका फेरीसाठी २०१० साली सुमारे १३० पौंड मोजावे लागत. २०२४ साली ही रक्कम ३२० पौंड झाली आणि २०२५ साली ३४० पौंड. या पंधरा वर्षांत ब्रिटनमधील किमान वेतन दुपटीच्या किंचित वर गेले. मैदानाचा दर मात्र अडीच पटींहून अधिक वाढला. २०१० साली किमान वेतनावर राबणाऱ्याला एका फेरीसाठी सुमारे बावीस तासांची कमाई द्यावी लागली असती. २०२५ साली, तासाला १२ पौंड २१ पेन्स या दराने, सुमारे अठ्ठावीस तासांची.

आणि हे मैदान सार्वजनिक आहे! खाजगी मैदानांची कथा याहून निराळी. त्याच स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर टर्नबेरी येथे २०२५ च्या हंगामात, तेथील हॉटेलात न उतरलेल्या खेळाडूला दुपारी एकपूर्वीच्या फेरीसाठी १००० पौंड पडत. किमान वेतनावरील मजुराची ही दोन आठवड्यांची कमाई. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील पेबल बीच येथे २०२४ साली एका फेरीचा दर ६७५ डॉलर होता. त्या वर्षी त्या राज्यातील किमान वेतन तासाला १६ डॉलर होते. म्हणजे बेचाळीस तासांचे श्रम चार-पाच तासांच्या खेळासाठी. शिवाय आगाऊ जागा निश्चित करावयाची, तर तेथील हॉटेलातील मुक्कामाचा खर्च वेगळा.

खेळ स्वस्त झाला, मैदान महागले

हा खेळ स्वभावतः खर्चिक आहे, म्हणून ही भाववाढ, असे सांगितले जाते. इतिहास याच्या उलट आहे. १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटने गोल्फ आणि फुटबॉल या दोन्ही खेळांवर बंदी घातली. कारण लोक त्यांत रमून युद्धाला आवश्यक असा धनुर्विद्येचा सराव टाळत होते. मूठभर सरदारांच्या करमणुकीवर बंदी घालण्यासाठी राजसत्तेला कायदा करावा लागत नाही. समुद्र आणि शेती यांच्या मधली रेताड, खुरटे गवत उगवणारी, नांगराला निरुपयोगी जमीन तेथे ‘लिंक्स’ म्हणून ओळखली जाते. तीवर मेंढ्या चरत आणि माणसे खेळत.

एका काळी या खेळातील महाग वस्तू होती ती चेंडू. चामड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून तो हाताने शिवावा लागे. कुशल कारागीराचे दिवसाला तीन-चार चेंडू होत, आणि पावसात भिजले की ते निकामी होत. १८४८ च्या सुमारास मलायातील झाडांच्या चिकापासून, म्हणजे गटापर्चापासून, चेंडू बनू लागले. ते टिकाऊ होते आणि स्वस्तही. खेळ सामान्यांच्या हाती अधिकच आला. सेंट अँड्र्यूजच्या टॉम मॉरिसचे उदाहरण बोलके आहे. १८२१ साली विणकराच्या घरी जन्मलेला हा मुलगा चेंडू बनविण्याच्या कारखान्यात उमेदवारी करीत मोठा झाला आणि १८६१ ते १८६७ या काळात चार वेळा ब्रिटनची खुली स्पर्धा जिंकला. त्याच्या अंगी असामान्य गुण होते हे खरेच. परंतु गुणांना पाय ठेवायला जागा लागते. ती जागा त्याच्या दारात होती आणि तिला दार नव्हते.

म्हणजे साधने स्वस्त होत गेली आणि मैदानाचा प्रवेश महागत गेला. यंत्रयुगाने जे दिले, ते जमिनीच्या मालकीने काढून घेतले. खेळाडू आज जे पैसे मोजतो, त्यांतील मोठा भाग गवत कापण्याच्या खर्चाचा नसून आत पाऊल टाकण्याच्या परवानगीचा असतो. जुन्या काळी वेशीवर जकात बसे. ही हिरवळीवरील जकात आहे. म्हणून विचारावयाचा प्रश्न असा, की नाका कोणाच्या ताब्यात आहे?

दोन मैदाने, दोन इतिहास

सेंट अँड्र्यूज आणि टर्नबेरी यांचे इतिहास शेजारी शेजारी ठेवले, तर या प्रश्नाचे उत्तर मिळते.

१५५२ साली आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांना सेंट अँड्र्यूजच्या लिंक्सवर ससे पाळावयाचे होते. नगराने ती मुभा दिली. पण त्या दस्तऐवजात, नगरवासीयांचा तेथे गोल्फ, फुटबॉल व अन्य खेळ खेळण्याचा हक्क अबाधित राहील, हे आर्चबिशपना मान्य करावे लागले. धर्मसत्तेच्या शिखरावरील पुरुषाला लोकांच्या वहिवाटीपुढे मान तुकवावी लागली. पुढे १७९७ साली नगरसभा कर्जबाजारी झाली आणि लिंक्सची जमीन तिच्या हातून गेली. ससेपालनाचा धंदा करणाऱ्या व्यापाऱ्यांनी तिचा ताबा घेतला. सशांनी मैदान पोखरले. लोकांनी ससे मारले. प्रकरण न्यायालयात गेले. वर्षानुवर्षे चाललेला हा झगडा १८२१ मध्ये एका गोल्फप्रेमी जमीनदाराने जमीन विकत घेतली तेव्हा शमला. परंतु नगरवासीयांना भल्या मालकाच्या कृपेवर विसंबणे पुरेसे वाटले नाही. १८९४ साली पार्लमेंटच्या कायद्याने नगरसभेने लिंक्स पुन्हा आपल्या मालकीची केली. १९७४ साली, स्थानिक स्वराज्य संस्थांची फेररचना होत असताना, तिच्या कारभारासाठी कायद्याने न्यास स्थापन झाला.

या मालकीचे फळ काय? १९१३ पर्यंत पाहुण्यांनाही तेथे फुकट खेळता येई. नगरवासीयांना १९४६ पर्यंत शुल्क नव्हते. आजही रहिवाशांना सवलतीचा वार्षिक परवाना मिळतो, आणि त्याची वर्षाची रक्कम पाहुण्याच्या एक-दोन फेऱ्यांच्या किमतीत मावते. पाहुण्यांकडून येणारा पैसा कोणाच्या लाभांशात जात नाही. तो मैदानांच्या देखभालीकडे वळतो. ओल्ड कोर्सवरील बऱ्याच वेळा चिठ्ठ्या टाकून वाटल्या जातात. लक्षाधीश असो वा शिक्षक, पेटीत नाव टाकून त्याला नशिबाची वाट पाहावी लागते.

आता टर्नबेरी. हे मैदान रेल्वे कंपनीने आपल्या हॉटेलाच्या जोडीने विसाव्या शतकाच्या आरंभी विकसित केले. १९४८ साली मजूर पक्षाच्या सरकारने रेल्वेचे राष्ट्रीयीकरण केले, तेव्हा हॉटेल आणि मैदान यांसह ही सारी मालमत्ता राष्ट्राची झाली. तीन दशकांहून अधिक काळ ती तशीच राहिली. १९८० च्या दशकाच्या आरंभी थॅचर सरकारने रेल्वेची हॉटेले विकावयास काढली आणि टर्नबेरी खाजगी हातांत गेले. मग ते हातोहाती फिरले: जपानी, अमेरिकी, दुबईची कंपनी, आणि २०१४ पासून डोनाल्ड ट्रम्प. जे मैदान एके काळी ब्रिटिश जनतेच्या मालकीचे होते, त्यावर सकाळी पाऊल टाकण्यासाठी त्याच जनतेतील एखाद्याला २०२५ साली हजार पौंड मोजावे लागले.

मालमत्ता हातोहाती फिरली की दर का चढतो, याचे गमक पेबल बीचच्या व्यवहारांत दिसते. १९९० साली एका जपानी उद्योगपतीने ती मालमत्ता सुमारे ८४ कोटी डॉलरना घेतली. गुंतवलेला पैसा वसूल करण्यासाठी लाखो डॉलरची सभासदत्वे विकण्याचा त्याने घाट घातला. किनाऱ्यावर सामान्यांचा वावर घटेल म्हणून कॅलिफोर्नियाच्या किनारा आयोगाने त्याला अटकाव केला. सौदा कोसळला, १९९२ साली मालमत्ता सुमारे ५० कोटींना विकली गेली आणि १९९९ साली पुन्हा ८२ कोटींना. या नऊ वर्षांत समुद्र तोच होता, कडे तेच होते. किंमत वरखाली झाली ती सट्ट्याने. आणि सट्ट्यात ओतलेले भांडवल अखेर नाक्यावरच्या खेळाडूकडूनच वसूल व्हावयाचे असते.

सार्वजनिक मालकी पुरेशी आहे काय?

येथवर ऐकून, सार्वजनिक मालकी आली की प्रश्न सुटला, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो भाबडेपणा ठरेल. सेंट अँड्र्यूजचा दरही वाढलाच आहे. २०१६ च्या सार्वमतानंतर पौंड घसरला आणि डॉलर बाळगणाऱ्यांना स्कॉटलंड स्वस्त झाले. २०२० च्या महासाथीनंतर मोकळ्या हवेतील या खेळाकडे ओढा वाढला. मागणी वाढली, पण दिवस मोठा होत नाही. काही मिनिटांच्या अंतराने चौघेजण सोडावयाचे, तर सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत जाणारी माणसे ठरलेलीच. ही टंचाई खरी आहे. परंतु खऱ्या टंचाईचेही वाटप दोन प्रकारे होते: रांगेने वा चिठ्ठीने, अथवा पैशाने. न्यासाने चिठ्ठी राखली आहे. मात्र खेळाच्या काही वेळा महागड्या सहलींच्या व्यवसायाकडेही दिल्या जातात. सार्वजनिक संस्थेच्या अंगणातही बाजार असा एका दाराने शिरतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. सवलतीचा हक्क रहिवाशाला आहे. पण रहिवासी कोणाला होता येते? त्या नगरातील घरांच्या किमती स्कॉटलंडमधील सर्वांत चढ्या किमतींत गणल्या जातात. विणकराच्या मुलाला मैदान आजही परवडेल; मैदानाच्या गावात राहणे परवडेल काय? हक्क कागदावर अक्षत ठेवून हक्कदारच बदलून टाकण्याची ही किमया फार जुनी आहे, आणि तिला कायद्याचा एक शब्दही बदलावा लागत नाही.

तिसरी गोष्ट टे नदीच्या पलीकडच्या डंडी या शहराची. बंगालच्या तागावर उभे राहिलेले हे गिरण्यांचे, कष्टकऱ्यांचे शहर. तेथील नगरपरिषदेचे कॅम्परडाउन हे सार्वजनिक गोल्फ-मैदान २०२० साली बंद झाले. खर्च भागत नाही, खेळणारे घटले, हे कारण. आकड्यांपुरते ते खरेही असेल. परंतु ज्या काळात विख्यात मैदाने पाहुण्यांना पुरेनाशी झाली, त्याच काळात काही कोसांवरील स्वस्त मैदान मिटावे, याला निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. शिखरावरची दरवाढ वर्तमानपत्रांत येते. पायथ्याची स्वस्त जागा नाहीशी होते तिची नोंद स्थानिक अंदाजपत्रकाच्या एका ओळीत राहते. गरिबाचे नुकसान या दुसऱ्या ठिकाणी होते. पेबल बीचला तो जाणारच नव्हता. कॅम्परडाउनला जात होता.

कार्यकर्त्याने विचारावयाचे तीन प्रश्न

या साऱ्या कथेतून कार्यकर्त्याने तीन प्रश्न गाठीशी बांधावेत. जागा कोणाची? दर कोण ठरवितो? शिल्लक कोठे जाते? मैदान, तलाव, किनारा, नाट्यगृह, रुग्णालय, कोणत्याही जागेला हे प्रश्न लागू आहेत. सेंट अँड्र्यूजमध्ये तिन्ही प्रश्नांची उत्तरे आजही बव्हंशी लोकांच्या बाजूने आहेत. टर्नबेरीत १९४८ साली होती आणि पुढे नाहीत. दोहोंत फरक पडला तो निसर्गाने वा खेळाच्या गुणदोषांनी नव्हे. एके ठिकाणी लोकांनी गमावलेली जमीन कायद्याने परत मिळविली व पिढ्यान्‌पिढ्या तिची राखण केली. दुसरीकडे सरकारने मिळविलेली मालमत्ता पुढच्या सरकारने फुंकून टाकली, आणि तिच्यासाठी उभे राहणारे गाव तिच्याभोवती तयार झालेले नव्हते. राष्ट्रीयीकरणाच्या समर्थकांनी हा धडा विशेष मनावर घ्यावा. जी मालकी लोकांच्या रोजच्या वापरात उतरत नाही, ती वाचविण्यासाठी लोक रस्त्यावर येत नाहीत. वहिवाट हाच सार्वजनिक मालकीचा खरा पहारेकरी होय.

ओल्ड कोर्सवर रविवारी सहसा खेळ होत नाही. हंगाम कितीही तेजीत असो, त्या दिवशी मैदान चालणाऱ्यांसाठी खुले असते. नगरातील माणसे मुलांना घेऊन, कुत्र्यांना फिरवीत त्या हिरवळीवरून जातात. कोणी त्यांना तिकीट विचारीत नाही. बाजाराच्या हिशेबात हा दर आठवड्याला शेकडो फेऱ्यांचा, हजारो पौंडांचा तोटा आहे. तो तोटा ते नगर जाणूनबुजून सोशीत आले आहे, आणि ज्या दिवशी तो कोणाला डोईजड वाटू लागेल, त्या दिवशी १५५२ पासून चालत आलेल्या हक्काला खरी भीती निर्माण होईल. आपापल्या गावातील असा विनातिकीट रविवार कोणता, तो कोणाच्या डोळ्यांत सलू लागला आहे, याचा शोध प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वेशीपासून सुरू करावा.