ट्रेलरवर पाय ठेवायला जागा



आज कापसाच्या भावावर बोलणार नाही. पायाखालच्या पत्र्यावर बोलणार आहोत. हसू नका. कोरडवाहू शेतीत भागत नाही म्हणून आपल्या घरातली किती पोरं ट्रेलरवर गेली, ते जरा मोजून पाहा.

आम्ही पाच जणांनी मिळून जुना ट्रेलर घेतला, जिनिंगमधून रुईच्या गाठी वाहायला. इंजिन पाहिलं, टायर पाहिले, कागद पाहिले. केबिनच्या मागे, चासीवर, माणसाला उभं राहायला जागा आहे का, हे मात्र पाचांपैकी एकानेही पाहिलं नाही. ट्रेलर जोडताना हवेचे पाईप आणि लाइटची केबल लावायला ड्रायव्हरला तिथेच चढावं लागतं. गेल्या पावसाळ्यात, रात्रीच्या वेळी, आमच्यातल्याच एकाचा पोरगा ग्रीसने माखलेल्या चासीवरून घसरला. पाय दोन पट्ट्यांच्या मधे गेला, नडगी मोडली. ऐन डवरणीत घरचा हात गेला. दवाखान्याचा खर्च आणि पत्र्याचा खर्च शेजारी शेजारी मांडला, तेव्हा आमच्या माना खाली गेल्या. चूक पोराची नव्हती, आमची होती.

अमेरिकेत उंच, चपट्या तोंडाच्या केबिनच्या ट्रकसाठी याचा नियमच आहे. चढता-उतरताना दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन तरी कायम टेकलेले राहिले पाहिजेत. पायरी आणि पत्रा घसरडा नको, आणि त्याने 204 किलोचा भार सोसला पाहिजे. नियम तिथला असला तरी हाड सगळीकडे सारखंच मोडतं.

आता पत्रा कोणता घ्यावा? लोखंडाची चेकर प्लेट स्वस्त आणि मजबूत, पण जड. चार फूट बाय तीन फूट, 5 मिलिमीटर जाडीची प्लेट 45 किलोच्या आसपास भरते. तेवढीच ॲल्युमिनियमची त्याच्या साधारण एक तृतीयांश. पण ॲल्युमिनियम लवकर वाकतं, म्हणून ते जाड घ्यावं आणि खाली आधार जवळ जवळ द्यावेत. चकाकी पाहून घेऊ नका. चेकरचे उंचवटे झिजले किंवा त्यावर तेल सांडलं, तर विहिरीच्या काठावरचा शेवाळलेला दगड आणि ती प्लेट यांत फरक राहत नाही. भोकं पाडून कडा वर उचललेला जाळीदार पत्रा उत्तम. पाणी, चिखल खाली जातो आणि चप्पल धरून राहते.

बसवताना चार गोष्टी सांभाळा.

पहिली, मिस्त्री म्हणेल, "दोन टाके मारतो, झालं काम." मारू देऊ नका. चासीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीला वेल्डिंग नको, भोकही नको. तिथूनच चीर सुरू होते आणि सगळा भार त्याच चासीवर असतो. क्लॅम्प लावा, किंवा चासीच्या उभ्या बाजूला कंपनीने आधीच दिलेल्या भोकांत ब्रॅकेट बसवा.

दुसरी, ॲल्युमिनियम आणि लोखंड यांच्या मधे रबराची पट्टी घाला. दोन्ही ओल्यात एकमेकांना टेकले, की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. बोल्टला लॉक नट लावा, नाहीतर हादऱ्याने तो ढिला होतोच.

तिसरी, पत्रा काढता आला पाहिजे. खाली हवेच्या टाक्या, शाफ्टचं ग्रीस, वायरी असतात. कायमचा झाकलात, तर टाकीतलं पाणी काढायचं राहील आणि ब्रेकची हवा धोक्यात येईल.

चौथी, पक्कं आवळण्याआधी रिकाम्या मैदानात ट्रेलर जोडून दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. ट्रेलरची पुढची कड किंवा पाईप पत्र्याला लागता कामा नये. सायलेन्सरपासूनही अंतर ठेवा.

एवढं झाल्यावर दोन माणसं वर चढवा. पत्रा लचकला, तर आधार वाढवा. धरायला दांडी नसेल, तर तीही लावा. नुसता पत्रा अर्धंच काम करतो. आणि त्यावर साखळ्या, जॅक, डबे ठेवू नका. ती जागा माणसाची आहे.

आमचा पत्रा आता बसला आहे. पोरगा जरा लंगडतो, पण परत गाडीवर गेला. तुम्ही घरी जाल तेव्हा पोराला एवढंच विचारा, "बाबा, पाईप जोडताना तू पाय कुठे ठेवतोस?"