मोटारघरातील मैलानळीची जागा

(आकाशवाणीवरील भाषण)

आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना हसू येईल, तर काही जण नाकाला रुमाल लावतील. विषय आहे मैला वाहून नेणाऱ्या नळीचा, आणि ती नळी ठेवावी कोठे याचा. शाळामास्तराने असला विषय काढावा हे शोभते का, असा प्रश्न मलाही पडला होता. परंतु अन्न, वस्त्र आणि घर यांविषयी आपण नित्य बोलतो. पोटात गेलेल्या अन्नाचे पुढे काय होते याविषयी मात्र कोणी बोलत नाही. आपण बोलत नाही म्हणून होणारी अडचण कोणाला तरी मुकाट्याने सोसावी लागते. यासाठीच हा विषय मी मुद्दाम निवडला आहे.

माझे थोरले बंधू अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतात. २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुटीत आईला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो होतो. दादांनी एक जुने मोटारघर विकत घेतले होते. मोटारघर म्हणजे बसगाडीच्या आकाराचे, चाकांवरचे छोटे बिऱ्हाड. आत चूल, बिछाने, न्हाणी, शौचकूप, सारे काही. त्या देशात अशी घरे घेऊन लोक महिनोन् महिने हिंडतात. आईला सुपीरियर सरोवर पाहण्याची फार इच्छा होती. क्षेत्रफळाने जगातील सर्वांत मोठे असे हे गोड्या पाण्याचे सरोवर. "समुद्र आणि तोही गोडा? तो मी डोळ्यांनी पाहीन तेव्हाच खरा मानीन," असे ती म्हणे. वाटेत मॅकिनॉचा पूल लागतो. १९५७ साली वाहतुकीस खुला झालेला हा पूल सुमारे पाच मैल लांब आहे. असा सारा बेत ठरला होता.

अशा गाडीच्या पोटात बहुधा तीन टाक्या असतात. एक पिण्याच्या पाण्याची, दुसरी न्हाणी व मोरीच्या सांडपाण्याची आणि तिसरी मैल्याची. तिसरीला तिकडे काळी टाकी म्हणतात आणि दुसरीला करडी. या दोन्ही भरल्या की गाडी ठरलेल्या ठिकाणी न्यावयाची, तीन इंची लवचीक नळी गाडीच्या तोंडाला जोडावयाची, दुसरे टोक जमिनीतील गटाराच्या तोंडात घालावयाचे आणि झडप ओढावयाची. प्रथम काळी टाकी रिकामी करावयाची व नंतर करडी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी पुष्कळशी धुतली जाते. हे काम तेथे गाडीचा मालक स्वतः करतो. डॉक्टर असो वा न्यायाधीश, हातमोजे चढवून तो रांगेत उभा राहतो. मला याचे प्रथम नवल वाटले, आणि मग नवल वाटल्याची थोडी लाज वाटली.

काम संपले की प्रश्न उरतो तो नळीचा. ती कितीही धुतली तरी तिच्या वळ्यांत ओल राहते आणि ओलीबरोबर रोगजंतूही राहतात. दादा ती प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून गाडीच्या बाहेरील कप्प्यात टाकीत. त्याच कप्प्यात पिण्याचे पाणी भरण्याची पांढरी नळीही असे. मोठ्या प्रवासापूर्वी आम्ही दोन दिवसांची एक छोटी सहल केली, तेव्हा ती पिशवी फाटली आणि आतले घाण पाणी पांढऱ्या नळीच्या तोंडापर्यंत पोहोचले. दुसऱ्या दिवशी माझी दहा वर्षांची पुतणी तहान लागली म्हणून त्याच नळीला तोंड लावून पाणी प्याली. वहिनींनी ते पाहिले आणि मग कप्पा उघडून फाटकी पिशवीही पाहिली. पुढचे तीन दिवस त्या माउलीने मुलीचे कपाळ किती वेळा चाचपले असेल, याची गणती नाही. देवाच्या कृपेने मुलीला काही झाले नाही. पण वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या दादांना सांगा, त्या नळीला वेगळी जागा झाल्यावाचून मी या गाडीत पाऊल ठेवणार नाही. मुलीलाही ठेवू देणार नाही आणि आईंनाही नाही."

दादा रागावले. "एवढ्याशा गोष्टीचा बाऊ!" म्हणाले. दोन दिवस घरात अबोला होता. आमच्या परतीला तीन आठवडे उरले होते, आणि गोडा समुद्र पाहावयाचा राहतो की काय अशी चिन्हे दिसू लागली. शेवटी मी दादांना म्हणालो, "वहिनींचे म्हणणे बरोबर आहे. चला, आपण दोघे मिळून काहीतरी करू." शाळेत हस्तव्यवसायाचे तास घेत असल्यामुळे करवत आणि गिरमिट यांची भीती मला नव्हती.

काही फिरत्या घरांना मागे चौकोनी पोकळ बंपर असतो आणि लोक नळी त्यात सरकवून ठेवतात. आमच्या गाडीला तो नव्हता. म्हणून गाडीखाली एक स्वतंत्र लांब पेटी टांगावयाची असे ठरले. दादा लगेच बाजारात जाऊन चार इंची गोल नळ आणि त्याची झाकणे घेऊन आले. नळी तीन इंचांची, नळ चार इंचांचा. मग अडचण कोठली? पण नळीच्या टोकाला जोडाचे जे कडे असते त्याला बाहेर आलेले कान असतात, आणि ते चार इंचांत मावत नाहीत. नळी अर्धी आत गेली आणि कडे तोंडाशी अडकून बसले. मुलांना मी वर्गात नेहमी सांगतो की, वस्तू जेथे सर्वांत रुंद असेल तेथे मोजावी. तो धडा त्या दिवशी मास्तरालाच पुन्हा गिरवावा लागला.

मग आम्ही कुंपणाच्या खांबावर चढवितात ती पांढरी पोकळ पीव्हीसीची चौकोनी नळकांडी आणली. ती बाहेरून पाच इंची असते व तिच्यात कड्यासकट नळी सहज सरकते. दहा फुटांची नळी दाबून आखूड केली असता साडेतीन फुटांहून थोडी अधिक भरली. म्हणून नळकांडे सव्वाचार फूट कापले. कापलेल्या कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या, नाहीतर नळी त्यावर घासून फाटते. एका टोकाला खांबाची टोपी चिकटवून वर दोन स्क्रू मारले. दुसऱ्या टोकाची टोपी बिजागरीवर बसविली व तिला कडी लावली. कडी सुटली तरी टोपी रस्त्यावर पडू नये म्हणून एक दोरीही बांधली.

पेटी हवाबंद केली तर ओल आतच कोंडते आणि दुर्गंधी वाढते. म्हणून दोन्ही टोकांजवळ खालच्या अंगाला पाव इंचाची काही भोके पाडली व त्यांवर आतून गंज न चढणारी बारीक जाळी लावली. कारण जाळी नसली तर गांधीलमाशा आत घर करतात. पेटीला दाराच्या बाजूस किंचित उतार ठेवला. अर्थात भोके हवेसाठी आहेत. मैल्याचे पाणी रस्त्यावर सांडण्यासाठी ती नव्हेत, तेव्हा नळी गटाराच्या तोंडाशीच धुऊन निथळून मगच पेटीत घालावयाची, हा नियम कायम.

टांगणी हे खरे जोखमीचे काम. वेगाने जाणाऱ्या गाडीखालून पेटी सुटली तर मागच्या माणसाच्या जिवावर बेतेल. गाडीच्या मुख्य सांगाड्यास भोके पाडणे इष्ट नसते. म्हणून सांगाड्यावर पकडींनी लोखंडी कोनपट्टी आवळली आणि तिला तीन ठिकाणी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे झोळीसारखे आधार दिले. पट्टी व पेटी यांच्यामध्ये रबर घातले आणि हादऱ्याने ढिल्या न होणाऱ्या नायलॉनच्या कड्याच्या चाक्या वापरल्या. पीव्हीसी उन्हाने वाढते. एवढ्या लांबीला कडक थंडी आणि कडक ऊन यांत तीन-चार मिलिमीटरांचा फरक पडू शकतो. म्हणून पेटी एकाच आधाराला स्क्रूने घट्ट केली आणि बाकीच्या दोहोंत ती सरकू शकेल अशी ठेवली. धुराचा नळ, चाके आणि झडपांचे दांडे यांपासून ती दूर राहील आणि आसापेक्षा खाली लोंबणार नाही, हेही पाहिले. हातमोजे, साबण व कोपराचा जोड यांसाठी झाकणाची वेगळी बादली केली. पांढरी नळी नवी आणली व तिला गाडीच्या दुसऱ्या अंगाचा कप्पा दिला.

हे सारे करण्यास दोन शनिवार लागले. तिसऱ्या दिवशी वहिनींनी खाली वाकून कडी उघडून पाहिली, पुन्हा लावली आणि काही न बोलता डबे भरावयास गेल्या. आईने गोडा समुद्र पाहिला. ओंजळभर पाणी चाखून ती म्हणाली, "खरंच की रे!"

पण श्रोतेहो, मला जे सांगावयाचे आहे ते पुढेच आहे. परतीच्या वाटेवर दादा नळी धूत असता आई खिडकीतून पाहत होती. ती म्हणाली, "आपल्या गावात हे काम करणारा माणूस मागच्या दाराने यायचा. त्याला प्यायला पाणी आम्ही वरून ओतायचो. त्याची टोपली नि खराटा तो कुठे ठेवायचा, मी कधी विचारलं नाही." त्यानंतर बराच वेळ ती काही बोलली नाही.

मलाही माझी शाळा आठवली. आमची शौचकूपे धुणारा जो गडी आहे, त्याचा मुलगा माझ्याच वर्गात शिकत होता. त्या गड्याची बादली, ब्रश आणि ॲसिडची बाटली जिन्याखाली, मुलांच्या पाण्याच्या पिंपाजवळ ठेवलेली असे. हात धुण्यास त्याला स्वतंत्र नळ नव्हता. हे मी वर्षानुवर्षे रोज पाहत होतो आणि तरीही मला ते दिसले नव्हते. कणकवलीच्या गोपुरी आश्रमाचे अप्पासाहेब पटवर्धन यांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम आपल्याला मिळावे म्हणून उपवास केला, हे मी मुलांना शिकवीत असे. हाताने मैला साफ करवून घेण्यास बंदी करणारा २०१३ चा कायदाही मी फळ्यावर लिहून देत असे. जिन्याखाली मात्र मी वाकून पाहिले नव्हते.

परत आल्यावर शाळेच्या मागील भिंतीशी आम्ही एक लहान खोपटे बांधले. त्यात खुंट्या, हवेला जाळी, एक नळ, साबण, हातमोजे आणि दाराला कडी, एवढेच. मोजमापे वरच्या वर्गातील मुलांनी घेतली. पहिल्या दिवशी किल्ली त्या गड्याच्या हाती दिली तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, पाण्याचं पिंप तिथून आधीच हलवायला हवं होतं. मी दोनदा सांगितलं होतं." मला उत्तर सुचले नाही. त्याने ते कोणाला सांगितले होते, हे विचारण्याचे धैर्यही झाले नाही. कारण कदाचित ते मलाच सांगितले असेल.

मोटारघर आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारी असेल. पण घाण वाहणारी वस्तू आणि ती हाताळणारा माणूस प्रत्येक घरी, प्रत्येक शाळेत आहे. त्या वस्तूला वेगळी, हवेशीर, कडी लागणारी जागा द्या. आणि त्या माणसाला नळ, साबण आणि आपल्याच पिंपातले पाणी द्या. खर्च फारसा येत नाही. आम्हाला दोन शनिवार पुरले. मात्र त्या शनिवारांपूर्वी माझी पुष्कळ वर्षे गेली, एवढे आपण ध्यानात ठेवावे अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.