पाळीचे घड्याळ आणि पोटाचा घेर



पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, तेव्हा आजूबाजूला माळरान आणि ज्वारी-बाजरीची शेते होती. पुढे आकुर्डी, चिंचवड, भोसरी येथे कारखाने उभे राहिले आणि हा पट्टा इंद्रायणी ओलांडून कांद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या चाकणपर्यंत पोहोचला. या कारखान्यांत आलेला माणूस खेड-जुन्नरचा असो, साताऱ्याचा असो वा मराठवाडा-विदर्भातला. तो बहुधा कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा अथवा नातू आहे. आजोबांनी औत धरले, वडिलांनी यंत्रापुढे उभे राहून हातांनी काम केले, नातू पडद्यावर यंत्राची चाल पाहतो. तीन पिढ्यांत श्रम ओसरले, ताटातले तेल आणि साखर मात्र वाढली. हा सारा हिशेब पोटावर जमा झाला आहे.

हातपाय काटकुळे आणि पोट पुढे, ही देहयष्टी आता इतकी परिचित झाली आहे की, तिच्याकडे कोणी धोक्याची सूचना म्हणून पाहत नाही. उलट ‘लग्न मानवले’ असे कौतुकच होते. वजनकाटाही अशा माणसाला दिलासा देतो. कारण वजन पुस्तकी मर्यादेत असते. नेमकी येथेच फसगत आहे, आणि ती उघड करण्याचे मोठे काम पुण्यातच झाले.

केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच छायाचित्रे शेजारीशेजारी छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; म्हणजे नियमाप्रमाणे दोघेही प्रमाणबद्ध. परंतु अंगातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. युडकिन मॅरेथॉन धावत, ही गोष्ट त्यात धरावी लागेल. तथापि सारे अंतर केवळ धावण्याने पडत नाही. याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास चालविला होता. तेथील बालके जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची सुमारे ३.५ किलोची. आपले बाळ स्नायूंनी आणि पोटातील अवयवांनी लहान होते. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. कृश दिसणारा देह आतून चरबीचा, हे लक्षण पाळण्यापासून सोबत येते. पुढे बैठे काम आणि भरपूर आहार मिळाला की, ही चरबी पोटातील अवयवांभोवती साठू लागते.

कातडीखालच्या चरबीपेक्षा ही आतली चरबी अधिक उपद्रवी असते. ती यकृताच्या कामात अडथळा आणते, इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो, रक्तातील साखर आणि स्निग्धांश वाढतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि ३९.५ टक्क्यांना पोटाचा स्थूलपणा आढळला. ज्या घरात एकाच्या पगारावर गावाकडचे आईवडील, मुलांचे शिक्षण आणि घराचा हप्ता अवलंबून आहे, तेथे चाळिशीतला हृदयविकार म्हणजे काय, हे येथे सांगण्याची गरज नाही. कंत्राटी कामगाराला तर आजारपणाची रजाही परवडत नाही.

म्हणून वजनकाट्याआधी मोजपट्टी घ्यावी. पँटच्या मापावर विसंबू नये; पँट पोटाखाली उतरते आणि माप तेच राहते. सरळ उभे राहून, श्वास सहज सोडून, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध पट्टी धरावी. भारतीय पुरुषासाठी ९० आणि स्त्रीसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते. घरी पट्टी नसेल तर आपल्या उंचीइतकी सुतळी घेऊन ती दुमडावी. ही अर्धी सुतळी पोटाला वेढा घालू शकली नाही, तर घेर वाढला आहे असे समजावे.

कामाचा आणि पोटाचा संबंध जुनाच आहे. लंडनच्या दुमजली बसमधील चालक दिवसभर बसून असत, वाहक जिने चढत-उतरत. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखविले की, वाहकांत हृदयविकार कमी होता. पुढे १९५६ साली या कर्मचाऱ्यांच्या गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचा घेर मोठा निघाला. (तरुण चालकांतही हा फरक होता, तेव्हा सारे श्रेय जिन्यांना देता येत नाही.) आज निगडीहून चाकणला कंपनीच्या बसने जाणारा कामगार मोशीच्या वाहतूक कोंडीत बसतो, कामावर बसतो आणि परतताना पुन्हा बसतो.

त्यात पाळ्यांची भर. एक आठवडा सकाळची, एक दुपारची, एक रात्रीची. शरीराला रात्री अन्न पचविण्याची सवय नसते. मध्यरात्री कँटीनमध्ये भात, तळण आणि गोड पदार्थ घेतले की, रक्तातील साखर दिवसाच्या तुलनेत अधिक चढते. झोप कमी पडली की भूकही खवळते. तेव्हा रात्रपाळीच्या माणसाने मुख्य जेवण घरून करून निघावे, मध्यरात्री उसळ, ताक, एखादे फळ असे हलके घ्यावे आणि सकाळी फाट्यावरच्या मिसळ-वड्याचा मोह टाळून, खोली अंधारी करून झोपावे. घरच्यांनी त्या झोपेला रात्रीच्या झोपेइतकाच मान द्यावा. दारावरची बेल बंद ठेवणे, हीही सेवाच आहे.

चहाचा हिशेब तर कोणी करीतच नाही. कपाला दोन चमचे साखर धरली, तर सहा कपांत साठ ग्रॅम साखर, म्हणजे सुमारे २४० उष्मांक होतात. आणि पोट रिकामेच. उपवासाचीही तीच कथा. साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि तळलेले वेफर्स यांनी साजरी झालेली एकादशी ‘दुप्पट खाशी’ या म्हणीलाच लाज आणते. त्यापेक्षा रोजच्या ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी आणि शेवटी बेताचा भात, एवढा क्रम पाळला तरी पुष्कळ साधते.

व्यायामाविषयी एक भ्रम दूर केला पाहिजे. पोटाचे व्यायाम केले म्हणून पोटाचीच चरबी जात नाही. स्नायू बळकट होतात, चरबी साऱ्या शरीरातून कमी होते. घाम आणणारे पट्टे बांधून तर केवळ पाणी जाते. औंध संस्थानचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, त्यात भर नित्यतेवर होता. त्याला जागा लागते चटईएवढी. त्याच्या जोडीला रोज अर्धा तास झपझप चालणे हवे. निगडीची दुर्गा टेकडी त्यासाठीच जणू शहराने राखली आहे. ज्येष्ठात तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामी येते, तेव्हा वारकऱ्यांबरोबर उत्साहाने चार कोस चालणारे अनेक जण उरलेले वर्ष कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत दुचाकीने जातात. भोसरीच्या तालमीत घाम गाळलेल्यांनी आणखी एक जपावे: जोर-बैठका सुटल्या की खुराकही सुटला पाहिजे.

चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांवर केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे तीन वर्षांत नेहमीच्याच पद्धतीने राहणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. आहार सुधारून रोज चालणाऱ्यांत हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. विशेष म्हणजे या दुसऱ्या गटाच्या वजनात म्हणण्यासारखी घट झालीच नव्हती. महिनाभर चालूनही काटा हलला नाही म्हणून सोडून देणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मधुमेहाची औषधे चालू असलेल्यांनी उपवास वा जेवणाच्या वेळांतील बदल डॉक्टरांना विचारूनच करावा. साखर एकाएकी उतरू शकते. छातीत दुखत असेल, तर टेकडी चढण्यापूर्वी तपासणी करावी. आणि मोजमाप रोज नको. महिन्यातून एका गुरुवारी, सुट्टीच्या सकाळी, चहाच्या आधी, घरातल्या साऱ्यांनी आपापला घेर मोजावा आणि आकडा दिनदर्शिकेवर लिहावा, आईचाही.