गरज कोणती आणि हौस कोणाची?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सांगली येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली. आम्ही अर्थशास्त्री नव्हे. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण आणि शाळेत मुलांकडून नफा-तोट्याची व व्याजाची उदाहरणे सोडवून घेण्यात गेलेले आयुष्य, एवढेच आमचे भांडवल. परंतु त्या उदाहरणांत कधीही न विचारला गेलेला एक प्रश्न निवृत्तीनंतर आमच्या मनात वरचेवर येऊ लागला आहे. मनुष्य बाजारात जातो तेव्हा अमुकच वस्तू का घेतो? तोच प्रश्न आज आपणांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

पुस्तकातले उत्तर सोपे आहे. भाव उतरला की मागणी वाढते, भाव चढला की घटते. हे खरे आहे, पण अपुरे आहे. भाव विचारण्यापूर्वी ती वस्तू हवीशी वाटावी लागते, आणि हे हवेसे वाटणे कोणी आईच्या पोटातून घेऊन येत नाही. आमच्या अल्पमतीप्रमाणे ते शिकविणारे गुरू तीन आहेत : घर, शाळा आणि पेठ.

प्रथम घराचे पाहू. १९७२ च्या दुष्काळात जत, आटपाडीकडची काय अवस्था झाली होती हे येथील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. आम्ही त्या वेळी शाळकरी पोर होतो. रास्त भावाच्या दुकानात परदेशातून आलेली तांबडी ज्वारी मिळे. तिला लोक मिलो म्हणत. भाव परवडणारा, पोटात भूक, दुसरे धान्य दुर्मीळ. पुस्तकाच्या नियमाप्रमाणे तिच्यावर उड्या पडावयास हव्या होत्या. प्रत्यक्षात लोक ती नाइलाजाने घेत. आमची आजी ताटातल्या तांबड्या भाकरीकडे पाहून म्हणे, ‘‘पोट भरतंया बाबा, पण जेवल्यासारखं वाटत न्हाई.’’ पांढऱ्याशुभ्र शाळूच्या भाकरीवर पोसलेली ती जीभ भुकेपुढेही आपला हट्ट सोडीत नव्हती. संस्कार म्हणतात तो हाच.

परंतु हा संस्कारही अढळ नसतो. पुढे कालव्याचे पाणी आले, नोकऱ्या आल्या, आणि पाहुण्यापुढे भाकरी ठेवणे कमीपणाचे वाटू लागले. चपाती ही सुखवस्तूपणाची खूण झाली. आमच्या वर्गातील मुले डब्यात भाकरी असली तर झाकणाआड लपवून खात. हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे आणि आमच्याही घरी त्या काळात गव्हाचे पोते वाढले होते. आता चक्र पुन्हा फिरले. डॉक्टर मधुमेहाच्या रोग्याला भाकरी सांगतात, संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्याचे म्हणून पाळले, आणि बाजारात शाळूचा भाव कित्येकदा गव्हावर जातो. धान्य तेच, जमीन तीच. बदलला तो केवळ त्याचा मान.

आता शाळेकडे, म्हणजे शिक्षणाकडे वळू. त्याचा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने कुंडल स्टेशनाजवळील माळावर कारखाना उभारला. आज पलूस तालुक्यात असलेली ती किर्लोस्करवाडी. त्यांनी लोखंडी नांगर केला. लाकडी नांगरापेक्षा तो खोल जाई. तरीही आरंभी तो कोणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, काळी आई नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली असे सांगतात. वस्तू उत्तम होती, गरजही होती. नव्हता तो विश्वास. तो नुसता भाव उतरवून आला नसता. नांगर जमिनीत चाललेला पाहावा, शेजाऱ्याचे पीक पाहावे, तेव्हा कोठे समजूत ढळते. त्याच कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. मालाची माहिती देण्यासाठी निघालेले ते पत्र पाहता पाहता मराठी घरांतील मासिक झाले. पुढे १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही त्याची भावंडे निघाली. कारखानदाराला ग्राहक हवा असेल तर आधी वाचक घडवावा लागतो, हे त्या मंडळींनी ओळखले होते.

याच नांगराचा एक विक्रेता गावोगाव हिंडत असे. त्याचे नाव भाऊराव पाटील. होय, आपले कर्मवीर. त्यांनी काही काळ किर्लोस्करांचे नांगर व ओगले यांचा काचमाल विकण्याचे काम केले आणि १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला. नांगर खांद्यावर वाहून नेता येतो, पण तो का घ्यावा हे कळण्यासाठी माणूस शिकला पाहिजे. त्या भटकंतीत त्यांनी खेड्यांचे अज्ञान जवळून पाहिले असले पाहिजे, असे आम्हांस नेहमी वाटते.

आता पेठ. तिचे सामर्थ्य पाहावयाचे तर चहाकडे पाहावे. आपल्या पणज्यांच्या घरी चहा नव्हता. सरकारने १९०३ साली कायदा करून चहावर उपकर बसविला, आणि त्या पैशातून पुढे चहाचा प्रचार झाला. १९३० नंतरच्या दशकात तर स्टेशनांवर देशी भाषांतील पाट्या लागल्या, जत्रांतून व घरोघरी चहा करून दाखविण्यात आला, लोकांना फुकट पेले पाजण्यात आले. जुन्या लोकांनी त्यास व्यसन म्हणून नावे ठेविली. परिणाम काय झाला? आज कोणाच्या घरून परतलेला पाहुणा म्हणतो, ‘‘साधा चहासुद्धा विचारला नाही हो!’’ पेठेने आणलेली वस्तू घराच्या अब्रूची झाली. एकदा ही पायरी गाठली की पेठेला पाटी लावण्याचीही आवश्यकता उरत नाही. तिचे काम आपलीच जीभ करू लागते.

बंधुभगिनींनो, इतका वेळ आम्ही दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. आता एक स्वतःची सांगतो. ती सांगताना संकोच वाटतो, पण ज्ञातीच्या मेळाव्यात नाही तर कोठे सांगावी?

आमच्या कन्येचा विवाह २०११ साली झाला. वरपक्षाची मंडळी सज्जन. त्यांनी एका पैची अपेक्षा केली नव्हती. तरीही आम्ही एका पतसंस्थेतून चार लक्ष रुपयांचे कर्ज काढले. मोठे कार्यालय घेतले, पंगतीत पक्वान्ने वाढविली, ज्यांना आम्ही धड ओळखतही नव्हतो त्यांना आहेर केले. ‘‘गुरुजींनी मुलीचे लग्न आटोपते घेतले’’ असे कोणी म्हणू नये, एवढाच हेतू. आयुष्यभर चक्रवाढ व्याज शिकविलेला हा शिक्षक ते व्याज सात वर्षे फेडीत होता. कर्ज फिटल्यावर एकदा कन्या माहेरी आली असता सहज म्हणाली, ‘‘अण्णा, मला त्या वर्षी बी.एड. करायचं होतं. लग्नाचा खर्च पाहून फीचं बोलायला धीर झाला नाही.’’ ती रागाने बोलली नाही, म्हणूनच ते अधिक लागले.

त्या रात्री आम्ही मनाशी विचारले, हा खर्च मागितला कोणी? वराने नाही, व्याह्यांनी नाही, कन्येने तर नाहीच. मागणारे आम्हीच होतो, आणि आमच्या तोंडून बोलत होते ते ‘लोक’. आणि हे लोक म्हणजे कोण? आज या मंडपात बसलेले आपण सर्व.

यावर व्यापाऱ्यांना दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नव्हे. मंडप, कार्यालये, दागदागिने यांचा व्यवसाय करणारे आपलेच बंधू आहेत. या स्मरणिकेची छपाईही त्यांच्या जाहिरातींवर होते. ते आपणांस हवे तेच विकतात. हवे काय, हे ठरविणे आपले काम. एकट्या कुटुंबाने साधेपणा केला तर त्याला कृपण म्हणतात. दहा कुटुंबांनी मिळून केला तर ती रीत होते. जी रीत ज्ञातीने लावली, ती ज्ञातीलाच बदलता येईल.

म्हणून मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवितो. पहिली, साधेपणाने विवाह करून उरलेली रक्कम मुलामुलींच्या शिक्षणाकडे लावणाऱ्या कुटुंबांचा सत्कार गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्काराबरोबर याच व्यासपीठावर व्हावा. दुसरी, आरंभ सधन घरांनी करावा. गरिबाचा साधेपणा कोणी अनुकरत नाही. तिसरी, विवाहाचा खर्च ठरविण्यापूर्वी मुलीला एकांतात विचारावे की बाई, तुला काय हवे आहे?

शेवटी एका माउलीचे स्मरण करून हे भाषण पुरे करितो. कर्मवीरांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगातील मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने दिले, मंगळसूत्रही दिले. सोन्याची हौस त्या काळीही होती, ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्नही होता. तरी कशाला किती मान द्यावयाचा, हे त्यांनी स्वतःच ठरविले. त्या मुलांच्या शिक्षणाचे फळ आपण आज उपभोगीत आहोत. आपल्या घरातील पुढच्या मुलीला ‘‘फीचं बोलायला धीर झाला नाही’’ असे म्हणण्याची पाळी न यावी, एवढीच प्रार्थना.