आधी भावाकडे जा
(जुन्नर तालुक्यातील एका शाळामास्तरांचे भाषण)



नगरकडचे मराठी ख्रिस्ती लोक रविवारी देवळात जमतात. तेथे मूर्ती नाही, नैवेद्य नाही. मग करतात तरी काय, असे पुष्कळजण विचारतात. शास्त्र वाचतात, प्रार्थना करतात, प्रसंगी एकाच भाकरीचे तुकडे वाटून खातात, आणि गातात. गाणी आपल्याच वळणाची. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी मंडळीसाठी अभंग-भजने रचली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्या तुकोबांच्या गुरूंची समाधी तर आपल्या ओतुरासच आहे!

परंतु नुसते गाणे म्हणजे उपासना नव्हे. शोमरोनी लोकांशी यहुदी विटाळ पाळीत. येशूने विहिरीवर शोमरोनी बाईकडेच पाणी मागितले. देव कोणत्या डोंगरावर भजावा, हे तिने विचारले. तेव्हा डोंगर नको, शहर नको, मन खरे हवे, असा निकाल त्याने दिला. निर्मिक व माणूस यांत दलाल नको, हे आपल्या जोतीरावांनीही सांगितलेच.

माझे घोडे अडते ते पुढे. देवापुढे दान घेऊन गेलेल्याला भावाचे गाऱ्हाणे आठवले, तर दान तेथेच ठेवून त्याने आधी भावाकडे जावे, असे येशू सांगतो. मी ख्रिस्ती नव्हे. रोज देवपूजा करतो. पण धाकट्याशी तीन वर्षे बोलणे नाही. कारण बांध. आणि बांध कोरला तो मीच, दरसाल वीतभर.

सभा आटोपताच त्याच्या वस्तीवर जाणार आहे. मोजायला टेप बरोबर आणली आहे.